संकेत ओळखणारे औषध : सूक्ष्मजेलांची ओळख

(कनेरगाव नाका, जि. हिंगोली येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कनेरगावच्या नावापुढे ‘नाका’ हा शब्द कायमचा येऊन बसला आहे. एके काळी या भागात निजामाचे राज्य आणि इंग्रजी अंमलाखालचा वऱ्हाड यांची हद्द होती. हद्दीवरच्या नाक्यांवर माल अडवला जाई, करोडगिरी भरली जाई आणि मगच गाडी पुढे सुटे. ती राज्ये गेली, करोडगिरीही गेली. हद्द आज केवळ हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्ह्यांची उरली आहे. नाव मात्र टिकले. आजचा विषय रसायनशास्त्राचा आणि वैद्यकाचा असला, तरी तो समजून घेण्यास हे नाव मोठे सोयीचे आहे. कारण प्रश्न नाक्याचाच आहे : औषध शरीरात कोठे अडवावे आणि कोठे सोडावे?

तोंडाने घेतलेली गोळी पोटात विरघळते, औषध रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर शरीरभर फिरते. गुडघ्यासाठी घेतलेले वेदनाशामक औषध गुडघ्यापुरते राहत नाही. ते जठराच्या अस्तरालाही गाठते आणि मूत्रपिंडालाही. कर्करोगावरील पुष्कळशी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही झपाट्याने वाढत असतात, म्हणून रोग्याचे केस गळतात. औषधाचा यात दोष नाही. त्याला पत्ता दिलेला नसतो. इन्सुलिनची अडचण वेगळी. ते प्रथिन आहे. गिळले तर जठरातील आम्ल आणि पाचक रस त्याचे अन्नासारखेच पचन करून टाकतात. म्हणूनच १९२२ साली ते पहिल्यांदा माणसाला दिले गेले तेव्हापासून मुख्यतः सुईनेच द्यावे लागत आले आहे. शिवाय वेळेची अडचण सर्वच औषधांना आहे. गोळी घेतल्यावर रक्तातील औषधाचे प्रमाण चढते, मग उतरते, आणि पुढची गोळी चुकली तर आजाराला मोकळे रान मिळते. शेतावर कामाला गेलेल्या माणसाच्या हातून दुपारची गोळी चुकणे ही नित्याची गोष्ट आहे.

या अडचणींवरचा एक साधा नाका आज प्रत्येक औषधाच्या दुकानात आहे. काही गोळ्यांवर असे आवरण असते की ते जठराच्या आम्लात टिकून राहते आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळते. काही गोळ्या औषध बारा किंवा चोवीस तास थोडेथोडे सोडतील अशा घडवलेल्या असतात. गावोगावी एक पद्धत दिसते : घरातल्या वृद्ध माणसाला गोळी गिळवत नाही, म्हणून ती खलबत्त्यात कुटून मधातून चाटवली जाते. हेतू प्रेमाचा असतो, पण अशा गोळीचा नाका त्या कुटण्यातच मोडतो. मग एक तर औषध जठरात नष्ट होते किंवा दिवसभराची मात्रा एकदम अंगात उतरते. दुसरा प्रकार तर धोक्याचा आहे. गोळी फोडण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारणे, एवढी एक गोष्ट जरी आशा कार्यकर्तीने आणि शिक्षकाने घरोघरी सांगितली, तरी मोठे काम होईल.

परंतु आवरणाचा नाका एकदाच उघडतो आणि उघडला की संपतो. परिस्थिती पाहून उघडणारा, काम होताच पुन्हा मिटणारा नाका हवा असेल तर निराळा पदार्थ हवा. शास्त्रज्ञांना तो जेलमध्ये सापडला.

जेल हा शब्द ऐकताच तुरुंग डोळ्यांपुढे येणे साहजिक आहे, आणि योगायोग असा की ती कल्पना अगदीच चुकीची नाही. जेलमध्ये पाणी कैद झालेले असते. बहुवारिक, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला पॉलिमर, याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी गाठी मारून बांधल्या की मासेमारीच्या जाळ्यासारखे एक जाळे होते. ते पाण्यात विरघळू शकत नाही, कारण गाठी सुटत नाहीत. पण पाणी आत घेऊन फुगू शकते. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जमणारा बुळबुळीत थर किंवा चायना ग्रासची थिजलेली वडी, ही त्याची घरगुती रूपे होत. पाण्याप्रमाणे फुगणे आणि आक्रसणे म्हणजे काय, हे काळ्या जमिनीत वावरणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच जमीन पावसाळ्यात फुगून भेगा बुजवते. तेथे काम चिकणमातीच्या पापुद्र्यांचे असते, साखळ्यांचे नव्हे. तरी वागणूक तीच. शेतीसाठी पाणी धरून ठेवणारे एक बहुवारिक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तयार झाले आणि ‘जलशक्ती’ या नावाने बाजारातही आले होते. त्या प्रयोगशाळेकडे पुन्हा यावयाचे आहे.

जेल शरीरात चालते, शरीर त्याला परके मानून त्रास करून घेत नाही, हे १९६० मध्ये प्राग येथील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी ‘नेचर’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले. डोळ्यांत घालावयाच्या मऊ भिंगांचा जन्म त्यातून झाला. विख्टर्ले यांनी त्या भिंगांचे पहिले यंत्र मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांतून घरीच जुळवले होते, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. पुढचे मोठे पाऊल १९७८ मध्ये अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत पडले. तोयोइची तानाका या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की काही जेल हळूहळू फुगत वा आक्रसत नाहीत. भोवतालच्या परिस्थितीत अल्पसा बदल होताच त्यांचे आकारमान एकदम कितीतरी पटींनी बदलते. पाणी जसे तापत तापत एका ठराविक अंशावर एकदम उकळू लागते, तसाच हा प्रकार. म्हणजे जेलला ‘संकेत’ देता येतो आणि ते तो पाळते.

या पदार्थांतले सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले बहुवारिक म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलामाइड. नाव जिभेला जड आहे, वागणूक मात्र सुटसुटीत आहे. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे जेल पाण्याने टम्म फुगलेले असते. त्यापेक्षा तापले की पाणी टाकून देऊन आक्रसते. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते असा आपला अनुभव, आणि येथे सारे उलट. कारण असे की थंड असताना पाण्याचे रेणू साखळ्यांना बिलगून असतात. उष्णता वाढली की ते सुटून निघून जातात आणि एकाकी पडलेल्या साखळ्या एकमेकींत गुरफटतात. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश, म्हणजे ३२ पासून फार दूर नाही. रचनेत थोडा फेरफार करून हा अंश हवा तेथे आणता येतो.

आता ‘सूक्ष्म’ या उपपदाकडे वळले पाहिजे, कारण खरी करामत तेथेच आहे. मोठे ढेकूळ आतपर्यंत भिजायला वेळ लागतो, बारीक माती क्षणात भिजते. जेलचा नियम याहून कडक आहे : आकार दहापट लहान केला तर प्रतिसादाचा वेळ शंभरपट कमी होतो. एक सेंटिमीटरचा जेलचा मणी संकेत मिळाल्यावर पूर्ण फुगायला काही तास, कधी काही दिवसही घेतो. तोच मणी एक मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा केला, तर आकार दहा हजारपट लहान झाला आणि वेळ दहा कोटीपट कमी झाला. काम सेकंदाच्या अल्पशा अंशात उरकते. वर सांगितलेल्या बहुवारिकाचे असे सूक्ष्मजेलकण १९८६ मध्ये पेल्टन आणि शिबांत यांनी तयार केले. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. असे कण पाण्यात मिसळून सुईतून टोचता येतात, हा आणखी एक लाभ.

संकेत उष्णतेचाच असावा असे नाही. शरीरात आम्लतेचे निरनिराळे मुलूख आहेत. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर ७ हा मध्य धरतात. आकडा जितका खाली तितके आम्ल तीव्र. जठरात हा आकडा १ ते ३ च्या आसपास असतो, आतड्यात ६ ते ७.५, रक्तात ७.४. कर्करोगाच्या गाठीभोवतालचा द्रव पुष्कळदा निरोगी भागापेक्षा किंचित आम्ल असतो. साखळीवर आम्लगट जोडले की जेल जठरात मिटून राहते आणि आतड्यात पोहोचल्यावर फुगून औषध सोडते. याच तत्त्वावर इन्सुलिन तोंडाने देता येईल काय, याचा शोध अमेरिकेतील निकोलस पेपास यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. सूज आलेल्या जागी वाढणारी काही विकरे, बाहेरून टाकलेला प्रकाश, चुंबकाचे क्षेत्र, यांनाही प्रतिसाद देणारे कण प्रयोगशाळांतून तयार झाले आहेत.

सर्वांत मोहक कल्पना रक्तातील साखरेची आहे. फेनिलबोरॉनिक आम्ल नावाचा एक रासायनिक गट साखरेला धरून ठेवतो. तो जेलच्या साखळीत गुंफला, तर साखर वाढताच जेल फुगते, जाळ्याची छिद्रे रुंदावतात आणि आत साठवलेले इन्सुलिन बाहेर पडते. साखर उतरली की जाळे मिटते. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर असे प्रयोग झाले आहेत. ऐकताना वाटते की आता सुई संपली. पण नाका उघडणे सोपे, वेळेवर मिटणे अवघड. साखर उतरल्यावरही इन्सुलिन झिरपत राहिले तर रोगी बेशुद्ध पडू शकतो, प्राणही जाऊ शकतो. सुईतून दिलेल्या मात्रेचा हिशेब निदान माणसाच्या हाती असतो. या एका कारणासाठीच संशोधक येथे सावकाशीने चालत आहेत, आणि ते योग्यच आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्राच्या भूमीवर झालेले काम थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. पुण्यातील पाषाण परिसरात १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये तेथे रुजू झाले, १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक होते आणि पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. प्रशासनाचा भार वाहत असतानाही जेलचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. डॉ. आशिष लेले आणि डॉ. शायनी वर्गीस हे त्यांचे या कामातील सहकारी. २००१ मध्ये या मंडळींनी असे एक जेल जगापुढे ठेवले की ज्याने तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात आतून पोकळ असा आकार कोणत्याही साच्याविना आपोआप धारण केला. २००६ मध्ये त्याच कुळातील जेलचा आणखी एक गुण त्यांनी मांडला : कापलेले दोन तुकडे तांब्याच्या आयनांच्या साहाय्याने पुन्हा जुळून येत. जखम भरावी तसेच हे भरणे.

पुढे डॉ. वर्गीस अमेरिकेत गेल्या आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेतून त्यांच्या गटाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. डॉ. माशेलकर आणि डॉ. लेले हे त्याचे सहलेखक होते. या वेळी तांब्याचीही गरज उरली नव्हती. जेलचे दोन तुकडे आम्ल द्रावणात एकमेकांना टेकवले की काही सेकंदांत जुळत, आणि जोड इतका पक्का होई की जेल ताणले तरी तो धरून राही. अल्कधर्मी द्रावणात टाकले की तुकडे पुन्हा सुटे. रहस्य साखळीवरून लोंबणाऱ्या लहान हातांत होते. हे हात बेताच्या लांबीचे हवेत : आखूड असले तर समोरच्या तुकड्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि फार लांब झाले तर आपसांतच गुंतून बसतात. आम्लात ते समोरच्या हातांशी हायड्रोजनचे बंध बांधतात. जठर तर आम्लाचेच कोठार. म्हणून जठराच्या अस्तराला चिकटून राहणारे औषधाचे वाहन किंवा तेथील छिद्र बुजवणारा लेप असे उपयोग संशोधकांनी सुचविले. पुण्यात सुरू झालेला धागा समुद्रापलीकडे जाऊन असा पुढे विणला गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांतून याची चार ओळींची दखल घ्यावयास हरकत नसावी.

जखम भरणे हा विषय निघालाच आहे, तर ऊतींच्या पुनर्निर्मितीविषयी. खोल जखमेत नवे मांस भरून यायचे तर पेशींना आधार लागतो, जसा गवंड्याला परांचीचा. अखंड जेलचा गोळा जखमेत भरला तर पेशींना आत शिरायला वाट राहत नाही. २०१५ मध्ये लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी युक्ती केली : सूक्ष्मजेलचे गोल कण सुईतून जखमेत सोडले आणि तेथेच ते एकमेकांना जोडले जातील अशी व्यवस्था केली. ज्वारीच्या दाण्यांच्या राशीत जशा दाण्यादाण्यांमध्ये फटी राहतात, तशा फटी राहिल्या, आणि पेशींनी त्या फटींतून आत वाट काढली. पुढे विकरांनी परांची हळूहळू विरघळून गेली. उंदरांच्या त्वचेवरील जखमा या उपायाने अधिक लवकर भरून आल्या. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि पुष्कळदा बोट किंवा पाय गमवावा लागतो. अनवाणी शेतात जाणाऱ्यांच्या प्रदेशात या संशोधनाचे मोल निराळे सांगावयास नको.

येथे हिंगोली जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट येते, ती हळदीची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीने जखम भरते हे ज्ञान आपल्या घराघरांतले; तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले होते. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेने त्याला जुन्या ग्रंथांच्या पुराव्यांनिशी आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द ठरले. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याची गंमत अशी की ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि खाल्ले तरी रक्तात फार थोडे उतरते. म्हणून ते जेलच्या कणांत भरून जखमेवर थोडेथोडे सोडता येईल काय, याचे प्रयोग अनेक ठिकाणी चालू आहेत. मात्र यावरून कोणी मधुमेह्याच्या पायाच्या खोल जखमेत डब्यातली हळद दाबून बसू नये. स्वयंपाकाची हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या थराखाली जखम चिघळत असली तर ती दिसतही नाही. अशा जखमेला पहिल्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवली पाहिजे.

मग आज रुग्णाच्या हाती प्रत्यक्ष काय आले आहे? थोडे, पण काही आले आहे. मूत्रपिंडाच्या मुखाशी होणाऱ्या एका प्रकारच्या सौम्य दर्जाच्या कर्करोगावर, थंड असताना पातळ आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होणारे औषधयुक्त जेल अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले. यकृताच्या गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत औषध भरलेले जेलचे मणी सोडण्याची पद्धत त्याआधीपासून वापरात आहे. ते मणी गाठीचा रक्तपुरवठाही रोखतात आणि औषधही तेथेच सोडतात. बाकी बहुतेक सारे अजून प्रयोगशाळेत किंवा प्राण्यांवरील चाचण्यांत आहे. कारणे समजण्यासारखी आहेत. ज्या बहुवारिकाचे एवढे कौतुक केले, ते शरीरात सहजासहजी विरत नाही. रक्तात सोडलेले कण यकृत आणि प्लीहा गाळून अडकवून ठेवतात. प्रत्येक घाणा मागच्या घाण्यासारखाच उतरला पाहिजे आणि निर्जंतुकही झाला पाहिजे. शेवटी किंमत परवडली पाहिजे.

म्हणून एक इशारा. ‘स्मार्ट जेल’, ‘नॅनो’ अशा नावांनी मधुमेह मुळापासून बरा करण्याची जाहिरात आठवडी बाजारात किंवा मोबाईलवर दिसली, तर ती विज्ञानाची नव्हे, असे खुशाल समजावे. औषध व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे, आणि मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात त्याखाली मना आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ग्रामसभेत हा विषय एकदा निघावयास हवा.

शिक्षकांसाठी शेवटी एक प्रयोग. लहान मुलांच्या वापरण्याच्या कोऱ्या डायपरच्या कापसात पांढरे बारीक दाणे असतात. ते पाणी शोषणारे बहुवारिकच होय. चमचाभर दाणे काचेच्या पेल्यात घेऊन वर पाणी ओतावे. थोड्याच वेळात पेला उपडा केला तरी सांडणार नाही असे जेल तयार होते. आता त्यात एक चमचा मीठ घालून ढवळावे. मिठामुळे बाहेरच्या पाण्यातील आयन वाढतात, जाळे आक्रसते आणि कैदेतले पाणी मोकळे होऊन जेल पातळ होऊ लागते. आधी पाण्यात थोडा खाण्याचा रंग घातला असेल तर मुलांना जेलमधून सुटणारे पाणी नीट दिसते. दाणे डोळ्यांत व तोंडात जाऊ देऊ नयेत, आणि प्रयोगानंतर ते मोरीत न टाकता कचऱ्यात टाकावेत; मोरीत ते पुन्हा फुगतात.